बाबांना सांग

नाटकाच्या बाईंना रडणाऱ्या झाडांचा तिटकारा होता. शाळांसाठी लिहिलेल्या नाटकांत झाडं फार रडतात. पुठ्ठ्याचा बुंधा गळ्यात अडकवून एक पोरगं मधोमध उभं राहतं, कुऱ्हाडवाला येतो, झाड हात जोडतं, कुऱ्हाडवाल्याला उपरती होते आणि सगळे मिळून प्रेक्षकांना चार सूचना करून पडदा पाडतात. बाई बावीस वर्षं आठवी-नववीच्या मुलांना नाटक शिकवत होत्या. तेवढ्या काळात त्यांनी झाडं रडवली, नद्या रडवल्या, एकदा तर प्लास्टिकच्या पिशवीलासुद्धा पश्चात्ताप करायला लावला होता.

त्या वर्षी आंतरशालेय स्पर्धेला विषय आला, 'किशोरवयीन मुलांचे प्रश्न'. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, कपाटातला संहितांचा गठ्ठा झटकून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि आठवड्याभरात एक निवडा म्हणून सांगितलं. बाईंनी चौदा संहिता वाचल्या. मोबाइलचं वेड, परीक्षेची भीती, वाईट संगत. प्रत्येकात एक मुलगा वाया जायचा, आई पदराने डोळे पुसायची, मग एक शिक्षक येऊन दीड पान बोलायचे आणि मुलगा ताळ्यावर यायचा. तेरा वर्षांची मुलं त्यात अशी बोलायची की जणू नुकतीच नोकरीतून निवृत्त झाली आहेत.

तरी त्यातल्या त्यात बऱ्या दोन संहिता त्यांनी आठवीच्या वर्गात वाचायला दिल्या. वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे भोंगा म्हणायचे; त्याचं कुजबुजणंही शेजारच्या वर्गात ऐकू जायचं. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "बाई, या मुलाला सुधारण्याशिवाय दुसरं काही काम नाही का?" वर्ग खिदळला. बाईंनी त्याला दटावलं, पण मनातून त्यांना ते पटलं. संहिता त्यांनी त्याच दिवशी परत कपाटात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला पाव कागद दिला. तुमचा खरा प्रश्न लिहा, कुणाला न सांगितलेला. नाव घालू नका. कुणी लिहिलंय ते मी शोधणार नाही आणि कुणाला दाखवणारही नाही. खडूंच्या रिकाम्या खोक्यात अडतीस चिठ्ठ्या पडल्या. मोकळ्या तासाला बाई शिक्षकखोलीच्या खिडकीशी बसून त्या उलगडत गेल्या. अकरा जणांना मोबाइल हवा होता. सहा जणांना धाकटं भावंड नको होतं. एकाने नुसतं 'गणिताचे सर' एवढंच लिहिलं होतं. मग एक चिठ्ठी आली, फार बारीक अक्षरातली.

'आमच्या घरी आई आणि बाबा आठ महिने एकमेकांशी बोलत नाहीत. भांडतही नाहीत. जे असेल ते मला सांगतात आणि मी दुसऱ्याला सांगते. दोघं एकाच खोलीत असले तरी. कधीकधी मला कळत नाही की आत्ता मी बोलले की त्यांच्यातलं कुणी.'

बाईंनी ती तीनदा वाचली. वाचल्या वाचल्या मनात काय आलं, हे पुढे त्यांनी स्वतःशी पुष्कळदा तपासून पाहिलं. 'बिचारी' असं आलं का? आलं असेल. पण त्याच्या आधी आलं ते 'मिळालं' असं.

नऊ दिवसांत त्यांनी नाटक लिहून काढलं. बावीस वर्षांत इतकं भरभर काही सुचलं नव्हतं. एक घर, आई, बाबा आणि मधे निरोप पोचवणारं मूल. 'बाबांना सांग, गॅस संपलाय.' 'आईला सांग, मला ऐकू आलंय.' सुरुवातीला लोक हसतील, बाईंना खात्री होती. मग मूल निरोप बदलायला लागतं. बाबांनी न म्हटलेलं 'थँक यू' आईला नेऊन देतं, आईने न विचारलेली चौकशी बाबांना. मग चोरी पकडली जाते आणि हसू हळूहळू घशात अडकतं. नाटकाला नाव दिलं 'बाबांना सांग'. कुणाला ओळख पटू नये म्हणून बाईंनी मुलीच्या जागी मुलगा केला, आणि एवढं केल्यावर आपलं कर्तव्य झालं असं त्यांना वाटलं.

मोठ्या बाईंना नाटक आवडलं, फक्त शेवटाने त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पालक समोर बसलेले असतात, त्यांना असं वाऱ्यावर सोडून कसं चालेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग बाईंनी एक प्रवेश वाढवला. मूल एक दिवस तोंड मिटून घेतं, कुणाचाच निरोप नेत नाही, आणि शेवटी जेवायला बसल्यावर बाबा आईला म्हणतात, 'मीठ दे गं जरा.' आई देते. पडदा. हा प्रवेश बाईंना स्वतःला फारसा पटला नव्हता. पण वाईटही नाही, असं म्हणून त्यांनी तो राहू दिला.

मुलाचं काम भोंग्याला मिळालं. आईच्या कामासाठी सात मुलींनी वाचून दाखवलं. सहा जणी पिक्चरमधल्या आयांसारख्या बोलल्या. सातवी होती मुंगी. शरीराने एवढीशी, शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलेलं. ती आपण होऊन आली नव्हती, हजेरीच्या क्रमाने तिची पाळी आली होती. तिने वाचलं, "बाबांना सांग, मला आज यायला उशीर होईल. जेवण झाकून ठेवलंय." आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. एखाद्या खिडकीवरची बाई 'फॉर्म डाव्या बाजूला मिळेल' म्हणते तसं. वर्ग गप्प झाला. भोंगासुद्धा.

तास सुटल्यावर मुंगी टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, मी शेजारीण करू का बाई, तिला दोनच वाक्यं आहेत आणि माझी पाठ आहेत. बाईंनी तिची पाठ थोपटली. सगळ्यांना भीती वाटते, दोन तालमी झाल्या की जाईल, तुझ्यात जे आहे ते शिकवून येत नाही, असं बरंच काही त्या बोलल्या. मुंगीने ऐकून घेतलं. दाराशी जाऊन ती परत वळली.

"बाई, शेवटी ते खरंच बोलतात?"

"बोलतात की. लिहिलंय ना."

मुंगीने मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून ती तालमीला येऊ लागली, सगळ्यांच्या आधी.

तालमी जिमखान्यात व्हायच्या. कसरतीचा लाकडी घोडा आणि चटया एका कोपऱ्यात सारून खडूने घर आखलं होतं. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मुंगी वाक्य म्हणता म्हणता मधेच थांबली. "आई असं म्हणणार नाही, बाई. ती 'तुझ्या बाबांना' नाही म्हणणार. 'त्यांना' म्हणेल." मग ती म्हणाली, "आणि ती त्यांच्याशी बोलत नाही, पण त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून ठेवते. त्यांना न सांगता. बाबांना वाटतं ते तुटलंच नव्हतं."

खडूच्या घराबाहेर उभी असलेली मुलं बटणावरून हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मुंगीकडे पाहिलं, मुंगीने त्यांच्याकडे. मग बाईंनी मांडीवरची वही उघडली आणि बटणाचं लिहून घेतलं.

त्या दिवशी सगळे गेल्यावरही मुंगी रेंगाळली. पडदा म्हणून वापरायची चादर तिने घडी केली, उलगडली, पुन्हा टोकाला टोक लावून घडी केली. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून वहीत काहीबाही लिहीत होत्या. काही विचारावं असं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण विचारलं तर उत्तर येणार. उत्तर आलं की समुपदेशकांकडे न्या, पालकांना बोलवा, मोठ्या बाईंच्या कानावर घाला. आणि मग हे नाटक करता येणार नाही. प्रयोगाला अठरा दिवस होते. झाल्यावर बोलू, निवांत बोलू, असं त्यांनी ठरवलं. चादर खोक्यात ठेवून मुंगी समोर आली तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या वेळेवर ये हं." रोज सगळ्यांच्या आधी येणाऱ्या मुलीला.

स्पर्धेच्या आधी शाळेत पालकांसाठी एक प्रयोग ठेवला होता, शनिवारी दुपारी. मुंगीने सकाळीच सभागृहात येऊन तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर 'आई' आणि 'बाबा' असे कागद चिकटवले, शेजारी शेजारी. दोघांना कसं आणलं हे तिने नंतर भोंग्याला सांगितलं आणि भोंग्याने बाईंना. तिने आईला सांगितलं की बाबा म्हणतायत तू यायला हवंस, आणि बाबांना सांगितलं की तुम्ही यावं अशी आईची इच्छा आहे. दोघांपैकी कुणीच काही म्हटलं नव्हतं.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. उंच, जरा वाकलेले, शर्टाच्या खिशाला छोटा स्क्रूड्रायव्हर अडकवलेला. आई पोस्टात काउंटरवर होत्या. दोघांनी कागद वाचले, क्षणभर घुटमळले आणि आजूबाजूला लोक असल्यामुळे बसले. बाई विंगेतून पाहत होत्या.

नाटक रंगलं. पहिली दहा मिनिटं लोक पोट धरून हसले. भोंगा आईकडून बाबांकडे, बाबांकडून आईकडे असा धापा टाकत पळत होता आणि त्याच्या प्रत्येक फेरीला टाळ्या पडत होत्या. तिसऱ्या रांगेतल्या त्या दोन खुर्च्यांत कुणी हसत नव्हतं. मुंगीचं पहिलंच वाक्य आलं तशी तिच्या आईची मान ताठ झाली. तो आवाज त्यांचा होता, तेच शब्द, तेच शेवटच्या अक्षरावर थांबणं. बटणाचा प्रवेश सुरू झाला. मुंगीच्या बाबांनी चष्मा काढला आणि मांडीवर धरून ठेवला. मग ते शेवटपर्यंत तसेच बसून राहिले. दिसत नसलं तरी ऐकू येत होतंच.

मीठ मागितलं गेलं, दिलं गेलं. पडदा पडला तसे लोक उभे राहिले. मोठ्या बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी बाईंचा हात हातात घेऊन दाबला.

मेकअपच्या खोलीतून बाई बाहेर आल्या तेव्हा सायकलच्या स्टँडपाशी ते तिघं उभे होते. मुंगीच्या केसांत अजून पावडर होती, आई म्हणून पांढरे केलेले केस. आणि तिचे आईबाबा बोलत होते. एकमेकांशी.

"तुम्ही शिकवलंत हे तिला?" आई विचारत होत्या.

"मी? दिवसभर घरात तिच्याजवळ कोण असतं?"

"दिवसभर मी पोस्टात असते. संध्याकाळी दुकानात ती कुणाशेजारी बसते ते विचारा स्वतःला."

आवाज चढले नव्हते. येणारेजाणारे पालक त्यांना वळसा घालून जात होते, ओळखीचे असतील ते नमस्कार करत होते, आणि दोघं त्यांना नमस्कार करून पुन्हा सुरू होत होते. एवढ्या महिन्यांचं साचलेलं एकदम बाहेर पडत होतं. चारचौघांत अब्रू घालवली, एवढं एक मात्र दोघांनाही मान्य होतं. ती कुणी घालवली यावर वाद होता. मुंगी मधे उभी होती. जो बोलेल त्याच्याकडे तिची मान सवयीने वळायची, मग दुसऱ्याकडे. पण कुणी तिच्याकडे काही निरोप देत नव्हतं.

बाई दहा पावलांवर उभ्या होत्या. पुढे व्हावं असं त्यांना वाटलं. तेवढ्यात एका पालकांनी अभिनंदन करायला त्यांना गाठलं आणि त्या तिकडे वळल्या.

मुंगी सोमवारी आली नाही, मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. गुरुवारी मधल्या सुट्टीत ती जिमखान्यात आली. बाई एकट्याच होत्या, स्पर्धेसाठी सामानाची यादी करत होत्या. मी स्पर्धेला येणार नाही, एवढंच सांगायला ती आली होती. बाईंनी तिला बस म्हटलं. ती बसली नाही.

बाई म्हणाल्या की झालं त्याचं मलाही फार वाईट वाटतं, पण अशा गोष्टी कधी ना कधी बाहेर येतातच, आणि दाबून ठेवण्यापेक्षा ते बरं. हे बोलताना त्यांचं त्यांनाच ते कपाटातल्या संहितेतल्या शिक्षकांसारखं वाटलं. पण थांबता येईना.

मुंगीने त्यांना पुरं करू दिलं. मग म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं होतं, बाई. नाटक करा असं नव्हतं म्हटलं."

"मला कुठे माहीत होतं ती चिठ्ठी तुझी होती?"

"बटणाच्या दिवशी कळलं होतं तुम्हाला. मी बघितलं. तुम्ही लिहून घेतलंत."

मुंगी आणखी थोडा वेळ उभी राहिली. अजूनही बाई काही विचारतील असं तिला वाटत होतं, की ती नुसती घंटेची वाट पाहत होती, हे बाईंना कळलं नाही. घंटा झाली आणि ती गेली.

त्या दुपारी बाई मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. नाटक मागे घ्यावं का, असं त्यांनी अर्धवट म्हटलं. मोठ्या बाई म्हणाल्या, नावं गेलीत, बाकीच्या मुलांनी दीड महिना घाम गाळलाय, एका मुलीच्या घरच्या भानगडीपायी त्यांना का शिक्षा. बाईंनी एकदाही प्रतिवाद केला नाही. दुसऱ्या कुणीतरी ठरवून टाकलं, याने त्यांना हायसं वाटलं होतं. आईचं काम त्यांनी पिक्चरसारखं बोलणाऱ्या सहा जणींतल्या एकीला दिलं आणि चार दिवस तिला मुंगीसारखं बोलायला शिकवलं. 'नाही गं, राग नको आणूस. शेवटच्या अक्षरावर थांब.' भोंगा ते ऐकत बसायचा. त्या चार दिवसांत तो तालमीत कामापुरतंच बोलला. एकदा त्याने विचारलं, मुंगीचं काय झालं. बाईंनी सांगितलं की तिला बरं नाही. त्याने बाईंकडे असं पाहिलं की त्यांनी नजर वहीत घातली.

पहिलं बक्षीस मिळालं. संहितेसाठी बाईंना वेगळं पदक मिळालं. परीक्षकांनी भाषणात म्हटलं की मुलांच्या प्रश्नांवरची नाटकं पुष्कळ येतात, पण मुलाचं ऐकून लिहिलेलं नाटक आम्ही प्रथमच पाहिलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई उठून पुढे गेल्या, मान लवून पदक घेतलं, फोटोत हसल्या. पुढच्या महिन्यात अकरा शाळांनी संहिता मागितली. बाईंनी झेरॉक्स काढून सगळ्यांना पाठवली.

पुढचं शालेय वर्ष सुरू झाल्यावर मुंगीचे बाबा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. आई मुंगीला घेऊन मावशीच्या गावी गेल्या होत्या, पोस्टातून बदली मागून. क्लार्कने वर्गशिक्षिकेच्या सहीसाठी निरोप पाठवला. वर्गशिक्षिका रजेवर होत्या, म्हणून बाई गेल्या.

बाबांनी त्यांना ओळखलं. क्लार्क रजिस्टरमध्ये पानं उलटत होता. कारणाच्या रकान्यात त्याने न विचारताच 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं आणि शिक्का शोधायला आत गेला. बाकावर दोघंच उरले. बाबांच्या शर्टाचं मधलं बटण नव्हतं. तिथे त्यांनी टाचणी लावली होती. बाईंनी दुसरीकडे पाहिलं.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "ती तुमच्याशी कधी बोलली होती का? आमच्या घरातलं?"

हो म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग तुम्ही काय केलंत?

"नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे नाटक तुमचंच होतं. सगळं."

"हो. माझंच."

त्यांनी दीर्घ श्वास सोडला. चेहरा जरा सैल झाला. म्हणाले, "आम्हाला वाटलं तिनेच जाऊन सगळं सांगितलं. दोघांनीही फार बोललो तिला. मी तर महिनाभर तिच्याशी बोललोच नाही." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "तिला कळवायला हवं. तिच्या आईलाही."

क्लार्क शिक्का घेऊन आला. त्याने जिथे बोट ठेवलं तिथे बाईंनी सही केली. बाबांनी दाखला वाचला, घडी घातली, खिशात ठेवला, आणि बाईंचे आभार मानून ते गेले. नवीन आठवीचा तास होता. बाई जिना चढून वर गेल्या, हजेरी घेतली आणि मुलांना सांगितलं की यंदाचं नाटक मीच निवडणार आहे, कुणी काही लिहून आणायची गरज नाही.